खांदेरीची बत्ती

मुंबई बंदरात दक्षिणेकडून शिरू पाहणाऱ्या जहाजाच्या उजव्या हाताला, अलिबागजवळच्या थळ गावापासून सुमारे पाच किलोमीटर आत समुद्रात, दोन टेकड्यांचे एक लांबट बेट लागते. त्यातील उंच टेकडीवर एक अष्टकोनी दगडी मनोरा उभा आहे आणि खाली बेटाच्या कडेने, लाटांच्या माऱ्यात, तट व बुरूज यांची मेखला आहे. मनोरा इंग्रजांनी १८६७ साली बांधला. तट घालण्यास शिवाजी महाराजांनी १६७९ साली आरंभ केला, तो याच इंग्रजांच्या नाकावर टिच्चून. एका वास्तूचा हेतू मुंबईच्या जहाजांना धाक घालण्याचा, दुसरीचा त्याच जहाजांना वाट दाखविण्याचा. परंतु दोहोंनी जागा मात्र एकच निवडली, आणि ती काही योगायोगाने निवडलेली नव्हती. ज्या ठिकाणाहून येता-जाता सगळा समुद्र दिसतो, ते ठिकाण त्या समुद्रावरूनही दिसते. किल्लेदाराला यातली पहिली गोष्ट हवी असते, दीपगृहाच्या रखवालदाराला दुसरी.

११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना आपल्या यादीत स्थान दिले, त्यांत रायगड, राजगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग इत्यादी मातब्बर नावांच्या पंक्तीत खांदेरीही बसली. वृत्तपत्रांत छायाचित्रे आली ती बहुतेक डोंगरी किल्ल्यांची. खांदेरीचे जे एखादे आले, त्यात डोळ्यांत भरत होता तो मात्र तट नव्हे, तर मनोराच. सन्मान मराठ्यांच्या दुर्गरचनेचा आणि चित्र इंग्रजांच्या बत्तीचे, हा विनोद कुणी मुद्दाम केलेला नव्हता. बेटाच्या उंच जागेकडे कॅमेरा जाणारच. पण त्यामुळे एक प्रश्न मनात राहून गेला, आणि हा लेख त्याच प्रश्नाचा आहे: जी वास्तू अजून रोज संध्याकाळी आपले काम करते, ती ‘जतन’ करायची म्हणजे नेमके काय करायचे?

प्रथम तटाची हकीकत सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून मनोऱ्याची गंमत कळत नाही. जंजिऱ्याचा सिद्दी हा महाराजांच्या आरमाराचा जुना काटा होता, आणि पावसाळ्यात त्याचे आरमार मुंबईच्या आश्रयाला येऊन राही. इंग्रजांना हे मनापासून आवडत नसे, पण सिद्दीच्या पाठीशी मोगल बादशाही असल्यामुळे त्याला हाकलण्याची छातीही नसे. मुंबई आणि जंजिरा यांच्या मधल्या वाटेवर आपले ठाणे बसविल्यास दोघांवरही नजर राहील, हे ओळखून महाराजांनी १६७२ च्या सुमारासच खांदेरीवर बांधकाम करण्याचा घाट घातला होता. तेव्हा इंग्रज व सिद्दी दोघेही आडवे आले आणि ते काम तसेच राहिले. सात वर्षांनी, १६७९ च्या सप्टेंबरात, मायनाक भंडारी दीडशे माणसे व चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला आणि त्याने दगडमातीचा कमरेएवढा बंधारा घालावयास सुरुवात केली. पावसाळा पुरता सरलेला नाही, समुद्र अजून मोठ्या जहाजांना अनुकूल नाही, अशी ती वेळ होती; आणि ज्याने ती निवडली त्याला समुद्राचे पंचांग चांगले अवगत होते.

इंग्रजांनी आधी निरोप धाडला की बेट आमचे आहे, खाली करा. मायनाकाने उत्तर दिले की धन्याच्या हुकमावाचून हलता येत नाही. मग इंग्रजांनी गलबते पाठवून बेटाची नाकेबंदी आरंभिली. त्यात सप्टेंबरच्या उत्तरार्धात लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प हा बेटावर उतरण्याचा अविचारी प्रयत्न करताना ठार झाला. पुढे ‘रिव्हेंज’ नावाची लढाऊ नाव घेऊन कॅप्टन मिंचिन व कॅप्टन रिचर्ड केग्विन आले. १८ ऑक्टोबरच्या पहाटे नागावच्या बाजूने महाराजांचा आरमारी सरदार दौलतखान याचे आरमार, साठेक तरांडी, वल्हवत-शिडे फुगवीत एकदम इंग्रजांवर चालून आले, आणि अर्ध्या तासाच्या आत ‘डव्ह’ नावाचा इंग्रजी गुराब निशाण उतरवून मराठ्यांच्या हाती आला. बाकीची लहान गलबते लांब पळाली, आणि ‘रिव्हेंज’ एकटी मध्ये सापडली. येथे केग्विनचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. त्याने तोफांचा असा भडिमार केला की पाच मराठी तरांडी बुडाली व उरलेल्यांना नागोठण्याच्या खाडीच्या तोंडापर्यंत माघार घ्यावी लागली. (हाच केग्विन पुढे १६८३ मध्ये खुद्द कंपनीविरुद्ध बंड करून मुंबईचा कारभार बळकावून बसला, तेव्हा माणूस कोणत्या धातूचा होता हे ध्यानात येईल.)

लढाई अशा रीतीने इंग्रजांनी जिंकली, आणि तरीही बेट गमावले. कारण दर्यावरचे यश तोफांच्या संख्येवर ठरत नव्हते, पाण्याच्या खोलीवर ठरत होते. मराठ्यांच्या होड्या उथळ तळाच्या, शीड व वल्हे या दोहोंवर चालणाऱ्या. त्या रात्री थळच्या किनाऱ्यावरून निघत, खडकांच्या मधून वाट काढीत, आणि रसद, चुना, माणसे बेटावर पोचवून उजाडायच्या आत परत येत. इंग्रजांच्या खोल बुडाच्या जहाजांना त्या उथळात शिरता येत नसे. वारा पडला तर त्यांना हलताही येत नसे. अंधार आणि खडक ही दोन्ही त्या वेळी मराठ्यांच्या बाजूने लढत होती. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी नाकेबंदी उठविली व तह केला. जानेवारीत सिद्दी कासमाने शेजारच्या उंदेरीवर ठाणे घालून निदान आपल्यापुरता तोल सावरला. आणि ३ एप्रिलला रायगडावर महाराजांचे निधन झाले. खांदेरी हे त्यांच्या हयातीतले जवळजवळ अखेरचे मोठे जलदुर्गाचे काम.

आंग्र्यांच्या काळातली हकीकत विस्ताराने सांगण्याचे हे स्थळ नव्हे. मराठी आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांनी दस्तकाशिवाय कोकण किनाऱ्यावरून कुणालाही सुखासुखी जाऊ दिले नाही. गव्हर्नर चार्ल्स बून याने १७१८ साली खांदेरीवर मोठी मोहीम काढली, ती फसली. आणि मुंबईच्या इंग्रजांच्या दप्तरात कान्होजींची नोंद बराच काळ चाचा म्हणून होत राहिली. जे खांदेरी इंग्रजांना तोफांनी मिळाले नाही ते १८१८ साली पेशवाईबरोबर, कागदावरच्या इतर मुलखासारखे, त्यांच्या ताब्यात गेले.

त्यानंतर सुमारे पन्नास वर्षे बेट जवळजवळ निरुपयोगी होते. शत्रू उरला नव्हता, तेव्हा किल्ल्याची गरजही उरली नव्हती. पण मुंबई मात्र बदलत होती. अमेरिकेत १८६१ पासून यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईच्या कापसासाठी तोंड पसरले. पैशाचा जो पूर शहरात आला तो १८६५ मध्ये युद्ध संपताच ओसरला आणि बँका, कंपन्या व माणसे यांची वाताहत झाली. परंतु पुरात शेअरांचे भाव वाहून गेले तरी बंदर वाहून गेले नाही; जहाजे येतच होती, आणि १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाल्यावर तर युरोपातून येणारी वाट केप ऑफ गुड होपचा वळसा सोडून थेट मुंबईच्या दाराशी आली. खांदेरीची बत्ती या दोन घटनांच्या मधली. कुलाब्याच्या टोकाला अठराव्या शतकापासून एक दिवा होता. त्याच्या जागी, अधिक पुढे, खडकांच्या अगदी टोकावर, टॉमस ऑर्मिस्टन या इंजिनिअराने बांधलेले प्राँग्ज दीपगृह १८७५ साली पेटले, ज्याला कोळी लोक कुलाबा दांडी म्हणतात. खांदेरी दक्षिणेला आणि दांडी उत्तरेला, असे दोन दिवे मिळाले म्हणजे बंदराच्या रुंद तोंडाला दोन बाजू मिळाल्या. तांडेलाने काळोखात दोन्ही ओळखले की आपण नेमके कुठे आहोत हे त्याला कागदावर रेघा ओढून काढता येऊ लागले. दोनशे वर्षांपूर्वी ज्या अंधाराने आणि खडकाने थळच्या होड्यांना आसरा दिला होता, तो अंधार आता बंदराच्या खात्यावर तोट्याच्या बाजूला मांडला जाऊ लागला.

थळच्या किनाऱ्यावरून मचवा ठरवून मी बेटावर गेलो तो मार्गशीर्षातल्या एका सकाळी, मतलई वारा पडून पाणी आरशासारखे झालेले असताना. उंदेरीला वळसा घालताना तांडेलाने मनोऱ्याकडे हनुवटीने खूण केली. मी त्याला विचारले की आता तर होडीवर जीपीएसचे यंत्र असते, मग बत्तीचे काय काम? तो म्हणाला, “हाय ना यंत्र. पन त्याची बॅटरी जाते. ही नाय जात.” मग थोडे थांबून, मी शहरातला माणूस आहे हे ओळखून त्याने समजुतीच्या सुरात पुढे सांगितले, “आनि साहेब, यंत्र आपल्याला सांगतं. ही समद्यांना सांगते.” मला दीपगृहाविषयी याहून नेमके वाक्य कोणत्याही अहवालात आढळलेले नाही.

बेटावर उतरताच डाव्या-उजव्या हाताला तटाचे दगड दिसतात. ते घडीव चिऱ्यांचे नाहीत. मोठमोठे ओबडधोबड धोंडे एकावर एक रचलेले, त्यांच्या भेगांतून लाट आत शिरते आणि फेस होऊन बाहेर येते, आणि अशा रीतीने तिचा जोर दगडावर न येता दगडांच्या मधल्या जागेत मोडून जातो. चुन्याने लिंपलेली सपाट भिंत येथे किती पावसाळे टिकली असती याची मला शंका आहे. वर चढताना लोखंडी गाड्यावर बसवलेली जुनी तोफ लागते. वेताळाचे देऊळ आहे; त्यातील शिळा पांढऱ्या रंगाने रंगवलेली असते व ती हळूहळू वाढते अशी कोळ्यांची श्रद्धा आहे. थळ-नवगाव परिसरातले कोळी वेताळाला नारळ वाढवल्याशिवाय राहत नाहीत. पायथ्याशी असलेल्या एका खडकावर लहान दगडाने ठोकले असता भांड्यासारखा खणखणीत नाद येतो, आणि येथे येणारा प्रत्येक मनुष्य, वय व हुद्दा विसरून, तो एकदा तरी ठोकून पाहतो. मीही ठोकला.

मनोरा जवळून पाहिला की त्याची उंची फसवी आहे हे कळते. तो सुमारे पंचवीस मीटरांचा. मुंबईतल्या आजच्या कोणत्याही साध्या इमारतीहून ठेंगणा. परंतु त्याची खरी उंची त्याच्या पायाखालच्या टेकडीने वाढवली आहे. दीपगृहवाले मनोऱ्याची उंची वेगळी मोजतात आणि समुद्राच्या भरतीपासून दिव्याची उंची वेगळी, आणि खलाशाला मतलब असतो तो दुसरीशी, कारण पृथ्वी गोल आहे आणि जो दिवा जितका वर तितका तो क्षितिजापलीकडून आधी दिसतो. इंजिनिअराने टेकडीची उंची वापरून मनोऱ्याचा खर्च वाचवला. मायनाक भंडाऱ्याने तीच वापरून पहारा वाचवला.

दीपगृहाच्या आतल्या कारभाराविषयी सर्वसामान्य वाचकाला थोडे सांगणे अवश्य आहे. दिवा स्वतः कधीच फार मोठा नसतो. मोठे असते ते त्याच्याभोवतीचे भिंग, आणि तेही एकसंध भिंग नव्हे; फ्रेंच शास्त्रज्ञ ऑगस्तँ फ्रेनेल याने १८२० च्या दशकात शोधून काढल्याप्रमाणे काचेच्या अनेक कंगोरेदार वलयांची ती एक रचना असते, जिच्यामुळे दिव्याचा इतस्ततः विखुरणारा प्रकाश वळवून एका आडव्या पट्ट्यात समुद्राकडे फेकता येतो. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या चान्स बंधूंनी व फ्रान्समध्ये पॅरिसच्या बार्बिए यांच्या कारखान्याने ही भिंगे करून साऱ्या जगाला पुरवली. ज्या वलयात दिवा ठेवला असता प्रकाश बाहेर जातो, त्याच वलयात दिवसा ऊन शिरले तर ते आत एका बिंदूवर एकवटते, म्हणून सकाळी दिवा मालवला की भिंगाभोवती पडदे ओढणे हे रखवालदाराचे पहिले काम; ते चुकले तर सूर्यच दीपगृहाला आग लावायचा. वाटेल तितक्या वेळा वाचूनही मला या एका गोष्टीचे नवल वाटायचे थांबत नाही.

आणखी एक गोष्ट भिंगापेक्षाही महत्त्वाची. किनाऱ्यावर दिवे पुष्कळ झाले तेव्हा ते एकमेकांपासून ओळखायचे कसे हा प्रश्न निघाला. त्यावर उत्तर असे की प्रत्येक दिव्याने आपला स्वतःचा ताल धरावा. कुणी स्थिर जळावे, कुणी ठरावीक सेकंदांनी एकदा लकाकावे, कुणी दोनदा लकाकून विश्रांती घ्यावी. खलाशी घड्याळ हातात धरून दोन लकाकींच्या मधले सेकंद मोजतो आणि दिव्यांच्या छापील यादीत पाहून नाव काढतो. हा ताल राखण्यासाठी टनावारी वजनाचे भिंग न अडखळता फिरले पाहिजे; त्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते पाऱ्याच्या हौदात तरंगते ठेवण्याची युक्ती निघाली, आणि ते फिरविण्यासाठी भिंतीवरच्या घड्याळासारखे यंत्र, ज्याचे वजन रखवालदार रात्रीतून पुन्हा पुन्हा हाताने वर ओढून घेई. वनस्पती-तेलाच्या वाती गेल्या, रॉकेलच्या वाती आल्या. मग रॉकेलची वाफ करून मँटलवर जाळणारे दिवे आले. मग वीज, आणि अलीकडे इवल्याशा एलईडीच्या दिव्यांनी ती सारी यंत्रणा तळहाताएवढ्या जागेत आणून ठेवली. ज्या रात्री मनोऱ्यावर माणूस जागत असे, त्या रात्री आता यंत्र जागते. पावसाळ्यात थळची होडी बंद, पाणी खवळलेले, किराणा संपत आलेला, आणि बेटावर मोजकीच बिऱ्हाडे, अशी नोकरी पिढ्यान्पिढ्या केलेल्या लोकांची नावे इतिहासाच्या एकाही पुस्तकात नाहीत. ती असली तर पगारपत्रकात असतील.

दीपगृहाचे गोडवे गाताना त्याची मर्यादाही सांगून टाकली पाहिजे. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य महिन्यावर आले असताना, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. गटारी अमावास्येला गावी निघालेल्या चाकरमान्यांची ती बोट होती. वेळ सकाळची होती, आणि जवळपास दीपगृहे दोन होती. दिवा खडक कुठे आहे ते सांगतो. वाऱ्यावर, लाटेवर, बोटीत किती माणसे भरावीत यावर त्याचा अंमल चालत नाही. अलिबाग-रेवस पट्ट्यातल्या जुन्या घरांतून आजही त्या बोटीचा विषय निघाला की आवाज खाली येतो.

आता मूळ प्रश्नाकडे. कोकणाच्या व दक्षिणेच्या किनाऱ्यावर जुने दिवे अनेक आहेत आणि त्यांचे वेगवेगळे नशीब झाले आहे. गोव्यात आग्वाद किल्ल्यावर पोर्तुगिजांनी १८६४ साली बांधलेले दीपगृह १९७६ मध्ये निवृत्त झाले, त्याच्याजवळ नवे उभे राहिले, आणि जुने पर्यटकांनी फोटो काढण्यासाठी राहिले. (याच किल्ल्यावर जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन पंथाच्या मठाची घंटा काही काळ टांगलेली होती, १८७१ साली ती पणजीच्या चर्चमध्ये गेली आणि आजही तेथेच वाजते.) महाबळीपुरम येथे तर पल्लवकालीन ओलक्कण्णेश्वर मंदिराच्या माथ्यावरच काही काळ दिवा लावला जात असे. मद्रासमध्ये १८४४ सालचा डोरिक पद्धतीचा भव्य स्तंभ उच्च न्यायालयाच्या आवारात आहे. १८९४ मध्ये दिवा तेथून काढून न्यायालयाच्याच सर्वांत उंच घुमटावर चढवला, आणि १९७७ मध्ये तोही मरीनाच्या नव्या मनोऱ्याकडे गेला. या सगळ्या वास्तू विझल्या म्हणून वारसा झाल्या. विझलेली वास्तू जपणे सोपे असते. तिने काय करावे असे कुणी तिला विचारीत नाही.

खांदेरीचा मनोरा जळतो आहे, आणि म्हणून त्याला बदलत राहावे लागते. वातीच्या दिव्यातून मँटलच्या दिव्यात, मँटलमधून विजेत, असे प्रत्येक स्थित्यंतर त्याने केले नसते तर तो आज पाडला गेला असता, किंवा आग्वादच्या जुन्या दीपगृहासारखा शोभेचा तरी झाला असता. वारशाचे जाणते लोक ज्याला मूळ स्वरूप म्हणतात ते या वास्तूच्या बाबतीत दगडात जेवढे आहे तेवढेच कामातही आहे. आणि काम टिकवायचे तर यंत्र बदलले पाहिजे. माझे मत असे की दगडाला हात लावू नये आणि दिव्याला अडवू नये. जुने भिंग, जुने घड्याळाचे यंत्र, रखवालदारांच्या नोंदवह्या जेथे जेथे हाती लागतील तेथे त्या काढून ठेवाव्यात, दाखवाव्यात. पण त्यासाठी चालता दिवा थांबवणे म्हणजे तांडेलाला अर्ध्या रस्त्यात उतरवून त्याच्या पायजम्याचे प्रदर्शन भरवण्यासारखे होईल.

व्यवहारातली अडचण याहून रुक्ष आहे. किल्ला राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीत. बेट मुंबई बंदराच्या ताब्यात. दीपगृहांचा देशभरचा कारभार केंद्राच्या दीपगृह संचालनालयाकडे, ज्याची उभारणी १९२७ च्या इंडियन लाइटहाउस अ‍ॅक्टापासून झाली; त्या कायद्याच्या जागी २०२१ साली नवा कायदा आला. आणि वेताळाचे देऊळ कोळ्यांच्या श्रद्धेत, जिला कोणताही सातबारा लागत नाही. अशा बेटावर धक्क्याची एखादी पायरी ढासळली तर अर्ज कोणत्या कचेरीत द्यायचा हे पायरीलाच विचारावे लागेल. १९९८ साली बेटाला कान्होजी आंग्र्यांचे नाव अधिकृतपणे देण्यात आले, आणि ज्यांना इंग्रजी दप्तर चाचा म्हणे त्यांचे नाव आज परदेशी कप्तानांच्या दीपसूचीत, रोज रात्री लागणाऱ्या दिव्यासमोर, छापलेले असते. आरमारानेही आपल्या पाणबुडीला ‘खांदेरी’ हे नाव दिले आहे. तिची दुसरी पिढी २८ सप्टेंबर २०१९ रोजी सेवेत दाखल झाली.

माझी सूचना लहान आहे. जागतिक वारशाच्या निमित्ताने बेटावर फलक लागतील, आणि त्यांवर महाराजांचे, कान्होजींचे नाव असेल हे ओघानेच आले. त्याच फलकांवर मायनाक भंडारी व दौलतखान यांची नावे ठळक असावीत, फ्रान्सिस थॉर्पचेही असावे, कारण तोही या खडकावर मेला. आणि १८६७ पासून ज्यांनी येथे रात्री जागवल्या त्यांची, पगारपत्रकांतून शोधून काढलेली, एकूण एक नावे मनोऱ्याच्या पायथ्याशी मराठीत लावावीत. बंदराच्या जुन्या दप्तरखान्यात ती शोधायला एखादा चिकाटीचा विद्यार्थी आणि एक सही लागेल. त्यातला विद्यार्थी सहज मिळेल.